हँडलवरचं कुंकू

ऑक्टोबर १९८६, खंडेनवमीचा आदला दिवस. सकाळची दळणं आटोपून मी गिरणीच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. बरेच दिवस पाण्याच्या टाकीत बुडबुडे येत होते, म्हणजे हेडचं गॅस्केट, खालची फट बुजवणारा पातळ थर, गेलेलं. नवं वर्ध्याहून आणून ठेवलं होतं. जुनं खरवडून काढायचं, दोन्ही बाजू घासलेटनं पुसायच्या, नवं बसवायचं आणि नट मधल्यापासून सुरू करून कडेकडेला आवळत जायचे. काम अवघड नाही, किचकट आहे. ते त्याच दिवशी उरकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी आमच्या सेलूतली रीत.

मी खरवडत होते आणि कुंपणापलीकडे घणाचे ठोके पडत होते. हिंगणघाटहून आलेला कबाडी गुलाबरावांचा ट्रक तोडत होता. मला हे काम शिकवलं ते या गुलाबरावांनीच. आमचे शेजारी. चैत्रात गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं चांगलं पुष्कळ आहे. आधी तेच सांगते.

ठेंगणा, रुंद माणूस. खाकी पँट आणि गंजीफ्रॉक, लग्नाला जायचं असेल तर वरून एक सदरा. नखं कायम काळी. कोणतीही वस्तू समोर आली की बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे आणि मान कलती करून ऐकायचे. टरबूज असो, माठ असो, नवीन बांधलेली भिंत असो. जेवताना रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की घास हातात थांबायचा. "याचा तिसरा खाते हाय," म्हणायचे. म्हणजे तिसरं सिलिंडर नीट काम करत नाही. मग घास तोंडात जायचा. ट्रकवाल्याला ते कधी कळायचं नाही, पण गुलाबरावांचं समाधान व्हायचं.

त्यांचा स्वतःचा ट्रक लिलावातून घेतलेला होता. पुढे लांब नाक असलेला, जुन्या धाटणीचा, परदेशी बनावटीच्या इंजिनाचा. कापसाच्या दिवसांत जिनिंगला कापूस, एरवी आर्वीकडची संत्री, कधी विटा. या इंजिनाच्या पुढच्या झाकणामागे दोन दातेरी चाकं होती आणि त्यांना जोडणारी एक साखळी. तीच टायमिंगची चेन. खालचं चाक इंजिनाबरोबर फिरतं आणि चेनीच्या जोरावर वरच्या चाकाला फिरवतं. वरच्या चाकाच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. ही दोन चाकं एकमेकांशी जुळून फिरली तर सगळं ठीक. चुकली तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली असतो आणि दोघांची टक्कर होते. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

हा ट्रक त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती कधी दिला नाही. एकदाच दिला होता, नागपूरला, एका मिस्त्रीकडे. घरी येईपर्यंत इंजिन गरम होऊन बंद पडलं. उघडलं तर तेलाच्या तळात मिस्त्रीची हात पुसायची चिंधी. ती चिंधी त्यांनी धुवून, वाळवून, खिळ्याला टांगली होती. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. "हा पाहा परक्याचा हात," म्हणायचे. यंत्राला हात ओळखता येतो, एखाद्याचा मानवतो, एखाद्याचा नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. मला तेव्हा ते मत गंमतीचं वाटायचं.

माझी गोष्ट अशी की आमचे मास्तर बाहेरगावच्या शाळेवर, शनिवारी घरी येणारे. गिरणी माझ्याकडे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत इंजिन बंद पडलं आणि मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत राहिला. दारात दळणाचे डबे साचलेले. गुलाबराव कुंपणाशी आले.

"मास्तरीनबाई, पाना धरता येते का?"

"भाऊजी, लाटणं धरता येते."

"मंग येते," ते म्हणाले आणि कुंपणातल्या फटीतून आत आले.

त्यांनी स्वतः एकही नट सोडला नाही. शेजारी स्टुलावर बसून मला सांगत राहिले. गॅस्केटचा कागद विकत आणला तो असा कापायचा: कागद जागेवर धरायचा आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं हलके ठोकत जायचं, धातूची धारच कागद कापते. "कात्री कायले पाह्यजे? इंजिनच सांगते त्याचं माप." त्या दिवसापासून मला मिस्त्रीची गरज पडली नाही. बाईमाणसाला हे कशाला, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. गल्लीत बाकी सगळ्यांनी म्हटलं. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं सांगताना विसरणारही नाही.

त्यांचा एक नियम होता. इंजिन उघडून परत जोडलं की सेल्फ मारून सुरू करायचं नाही. आधी इंजिनाला पुढून लोखंडी हँडल लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. आत काही चुकलं असेल तर हाताला अडतं, तिथंच थांबायचं. सेल्फला मात्र थांबणं ठाऊक नसतं, तो जोर लावून मोडतोच. हा नियम त्यांनी किती जणांच्या डोक्यात घातला याला हिशेब नाही. एकदा बाजारात अल्लीपूरचा एक ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला इंजिन जोडून नुकताच कॅबिनमध्ये चढला होता. मी भाजी घेत होते. गुलाबरावांनी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली.

"काऊन बे, कोनं जोडलं?"

"म्याच जोडलं जी."

"हातानं फिरवलं का?"

"सेल्फ हाय ना जी."

"सेल्फ आंधया असते. हाताले डोये असते. पहिले हातानं दोन फेरे, मंग सेल्फ. घे हँडल."

ड्रायव्हर चिडला, पण चावी यांच्या खिशात. त्याने हँडल लावलं, फिरवलं, आणि अर्ध्या फेऱ्यात ते अडलं. परत उघडलं तर आत एक नट पडलेला. तो ड्रायव्हर पुढे वर्षानुवर्षं सेलूवरून जाताना हॉर्न वाजवून जायचा. गुलाबरावांना ते आवडायचं.

आता यशोदाबाई. त्यांची बायको, माहेर रोहण्याचं. उंच, सावळी, बोलण्यात तिखट. गुलाबराव तिला नावाने हाक मारत नसत. "अवं" म्हटलं की ती. आमच्या गल्लीत तिच्या हाताला मान होता. उन्हाळ्यात सरगुंडे, आमच्याकडच्या शेवया, करायचे तर काडीवर पीठ वळायला पहिली यशोदाबाई. लोणच्याला मीठ तिनेच घालायचं. तिच्या हातचं लोणचं बुरसत नाही, असं बायका म्हणत. म्हणजे नवऱ्याचा जो विश्वास यंत्राबद्दल होता तोच गल्लीचा बरण्यांबद्दल. हात मानवतो, हात मानवत नाही. तेव्हा तिच्या बाजूने होता म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

एका पावसाळ्यात गुलाबरावांच्या टॅपेटच्या झाकणातून तेल गळू लागलं. रस्ता बंद, कागद आणणार कुठून? घरात शोधलं, मनासारखा जाड पुठ्ठा मिळेना. शेवटी भिंतीवरची लग्नाच्या फोटोची चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा काढला आणि त्याचं गॅस्केट कापलं. यशोदाबाई बाजारातून आली तर फोटो काचेमागे घसरून बसलेला, नुसत्या दोन मुंडावळ्या दिसत होत्या.

"हे काय करून ठेवलं?"

"फोटो हाय ना जागच्या जागी. पुठ्ठाच त घेतला."

तिने चौकटीची काच पदराने पुसली. मग मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहा ना ताई, आता इंजिनातच लगन लागलं आमचं. तेल-हळद रोजचीच."

गुलाबराव हसले. मीही हसले. तो फोटो पुढे दमटपणाने वळला, कसर लागली, आणि मग चौकटच खाली उतरली. पण तेव्हा ती असं बोलत होती, हे सांगायला पाहिजे. आता तिला ओळखणाऱ्या पोरीसोरींना ते खरं वाटत नाही.

सत्याहत्तरच्या नवरात्रात ट्रकचं हेड गॅस्केट उडालं. तेलात पाणी गेलं, तेल ताकासारखं पांढरं. इंजिन उघडलंच आहे तर चेनही सैल झाली आहे, तीही बदलून टाकू, असं त्यांनी ठरवलं. दसरा झाला की कापूस सुरू होणार होता आणि जिनिंगच्या व्यापाऱ्याने पहिली खेप यांनाच सांगितली होती. अष्टमीला दोन्ही दातेरी चाकं काढून पोत्यावर ठेवली. मला बोलावून दाखवलं. एक चाक आधीच्या मालकाने दुसऱ्याच इंजिनाचं बसवलेलं, त्यामुळे कारखान्याच्या खुणा जुळत नव्हत्या. म्हणून चाकं काढायच्या आधी त्यांनी स्वतः खूण केली होती. बॉनेटवरच्या मारुतीसाठी तेलात कालवलेला शेंदूर वाटीत होता. त्यातलाच एकेक ठिपका दोन्ही चाकांच्या एकेका दातावर. "हे दोन ठिपके एकमेकासमोर आले का झालं."

नवमीला सकाळी गॅस्केट आणायला ते वर्ध्याला निघाले. निघताना ओरडून सांगितलेलं मी माझ्या अंगणातून ऐकलं. "अवं, सामान सारं धुवून-पुसून मांडजो. पूजा करून ठेवजो. मले यायले उशीर होईन."

यशोदाबाईने सांगितलं तसं केलं. माझ्याकडून घासलेट मागून नेलं. पाने, पेचकस, हातोड्या, हँडल, आणि पोत्यावरचं सगळं सामान घासून-पुसून लख्ख केलं, धुतलेल्या लुगड्यावर ओळीने मांडलं. हँडलसारख्या मोठ्या हत्यारांना कुंकू लागलं. इंजिनाचे भाग तेलकट, त्यांवर कुंकू ठरेना, म्हणून तिने शेजारची शेंदराची वाटी घेतली आणि एकेकाला एकेक बोट लावलं. चाकांनाही. जिथं बोट टेकलं तिथं. वर झेंडूचं फूल. इतकी नेटकी पूजा मी त्या अंगणात त्याआधी पाहिली नव्हती.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून गुलाबराव कामाला लागले. चाकांवर शेंदराचे ठिपके होते, ते त्यांनी एकमेकांसमोर आणले, चेन चढवली, झाकण लावलं, हेड बसवलं. दिवस मावळेपर्यंत काम झालं. तोवर अंगणात माणसं जमू लागली होती. आपट्याची पानं घेऊन जो येई तो ट्रकपाशीच थांबे. जिनिंगचा मुनीमही आला होता. बॉनेटवर झेंडूचा हार. कोणीतरी म्हणालं, "गुलाबराव, सुरू करून दाखवा ना जी, सोनं लुटू मंग." ते कॅबिनमध्ये चढले आणि त्यांनी सेल्फ मारला.

पितळेचा हंडा दगडावर आपटावा तसा आवाज झाला. मग आत काहीतरी दळल्यासारखं, मग काही नाही. लोक हातात आपट्याची पानं घेऊन उभे. कोणालाच ती कोणाला द्यावी कळेना. मुनीम हळूच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुढचं झाकण निघालं तेव्हा अंगणात पुन्हा बघे होतेच. गुलाबरावांनी वाकून चाकं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग तिथूनच हाक मारली.

"अवं! हे ठिपके कोनं लावले?"

"म्याच लावले. पूजा केली ना. तुम्हीच त म्हनलं होतं."

"माही खूण कुठी हाय?"

"कोनती खूण? धुतलं ना मी सारं. धुवून-पुसून मांड म्हनलं होतं तुम्ही."

ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. जमलेल्या लोकांकडे पाहून सांगितलं, "हिचा हात लागला. त्याच्यानं इंजिन गेलं."

मी कुंपणाच्या फटीतून आत गेले. तुळशीवृंदावनाला टेकून हँडल उभं होतं, नवमीला यशोदाबाईने ठेवलं होतं तसंच. मुठीवर कुंकवाचं बोट जसंच्या तसं, झेंडू वाळून चिकटलेला. मी ते उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"भाऊजी, हँडलवरचं कुंकू तसंच हाय."

"मंग?"

"मंग हातानं फिरवलं नाई तुम्ही. फिरवलं असतं त अडलं असतं. खूण चुकली तरी इंजिन वाचलं असतं. तुम्हीच शिकवलं मले."

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना नियम माहीत होता. त्यांतल्या निम्म्यांना तो यांनीच शिकवला होता. गुलाबरावांनी माझ्या हातून हँडल घेतलं, अंगठ्याने कुंकू पुसलं, अंगठा पँटला पुसला आणि हँडल कॅबिनमध्ये सीटखाली टाकलं.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "तुम्ही आपली गिरणी पाहा."

एवढंच. यशोदाबाई ओट्यावर उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

त्या वर्षीचा कापूस दुसऱ्यांनी वाहिला. व्हॉल्व्ह वाकले होते, पिस्टन फुटला होता. महिनेच्या महिने खपून, एकट्याने, त्यांनी ते इंजिन पुन्हा उभं केलं आणि उन्हाळ्यात ट्रक रस्त्यावर आला. तो पुढे पुष्कळ चालला. ते कामात हुशारच होते, ती गोष्ट कोणी नाकारत नाही. पण गोष्ट पसरली ती गुलाबरावांनी सांगितली तशी. चहाच्या टपरीवर ती सांगितली जाई आणि शेवटी कोणीतरी म्हणे, बायकोला इंजिनापाशी येऊ देऊ नये. त्याच टपरीवर, त्याच तोंडाने गुलाबराव नव्या पोरांना सांगत, "पहिले हातानं दोन फेरे, मंग सेल्फ." मी स्वतः ऐकलं आहे. आवाजात कुठं अडखळणं नव्हतं.

गल्लीतल्या बायकांनी भांडण केलं नाही की बोलून दाखवलं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. त्या उन्हाळ्यात सरगुंड्यांना तिला कोणी हाक मारली नाही. लोणच्याचं मीठ दुसरीने घातलं. लग्नघरी हळद दळायला बसली तर कोणीतरी गोड बोलून तिला भाजी निवडायला पाठवलं. मी बोलावत राहिले. एकदा आली, बरणीपाशी बसली आणि मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच घाला ताई. बुरसलं त माह्याच नावावर जाईन." पुढच्या वर्षी मी पुन्हा बोलावलं. तेव्हा आलीच नाही.

आणि ट्रक. ट्रक घर आणि विहीर यांच्या मधोमध उभा असे. दुसरीकडे उभा करायला जागा होती, कडुनिंबाखाली. नवऱ्याने तिला सांगितलं होतं, ट्रकपाशी फिरकायचं नाही. तेव्हापासून ती पाण्याला माझ्या अंगणातून जाऊ लागली. घराच्या मागल्या दाराने निघायचं, कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे, माझ्या गिरणीमागून लांबचा वळसा, आणि दुसऱ्या टोकाला कुंपण संपतं तिथून विहिरीवर. येताना भरल्या घागरीने तोच वळसा. ट्रक खेपेला गेलेला असला तरी तसंच. स्वतःच्या अंगणातली विहीर, आणि तिथवर बाईने शेजारणीच्या अंगणातून जायचं. मी फट थोडी रुंद करून दिली, म्हणजे घागर लागू नये.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात गुलाबरावांना झटका आला आणि उजवा हात गेला. ट्रक त्याच्या आधीच थकून उभा होता. बाज अंगणात टाकून ते ट्रककडे तोंड करून पडून असत. यशोदाबाई भाकर कुस्करून भरवायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊजी, या हातचं खाता, पचते. आन् ट्रकाले हा हात चालत नाई?"

"जेवन अलग," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण मत नाही. "मशीन अलग."

माझ्या आठवणीतलं त्यांचं शेवटचं दर्शन होळीच्या सुमाराचं आहे. संध्याकाळची वेळ. यशोदाबाई दोन घागरी घेऊन माझ्या अंगणातून वळसा घालत येत होती. गुडघे दुखत होते तिचे, दोनदा थांबली. गुलाबराव बाजेवरून पाहत होते. मध्ये तो ट्रक, टायर बसलेले, बॉनेटवर कोंबडी. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "भाऊजी, आता तरी सांगा तिले, इकडून येत जाय म्हनून. ट्रकाचं काय बिघडनार हाय आता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताच्या पेराने बाजेच्या पायावर टकटक केली आणि मान कलती केली.

"सवय झाली आता तिले," म्हणाले.

चैत्रात गेले.

तर त्या ऑक्टोबरात, मी माझं गॅस्केट बसवत होते तेव्हा यशोदाबाई फटीशी आली. "ताई, ट्रक जाते आज. तुमच्या कामाचं काही असन त पाहून घ्या. पाने-गिने. माह्या काय कामाचे?"

हात पुसून मी गेले. सीटखाली हँडल सापडलं, तेवढं घेतलं. तेवढ्यात कबाड्याच्या माणसाने इंजिनाच्या पुढच्या झाकणावर घण घातला आणि ते दोन तुकडे होऊन पडलं. आत ती दोन चाकं, काळ्या तेलाने माखलेली. माझ्या हातात घासलेटचं फडकं होतंच. मी पुसलं.

वरच्या चाकाच्या एका दातावर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठोकलेला खोल ठिपका होता. खालच्या चाकावर तसाच. दोन्ही बरोब्बर समोरासमोर. शेंदूर नव्हे, रंग नव्हे. पोलादात ठोकलेली खूण, कितीही घासलेटने धुतली तरी न जाणारी. म्हणजे इंजिन पुन्हा जोडताना त्यांनी आपली पद्धत बदलली होती. चूक कुठं होती ते त्यांना कळलं होतं. कळल्याशिवाय कोणी पोलादावर पंच ठोकत बसत नाही.

यशोदाबाई ओट्यावरूनच पाहत होती. "काय पाहून राह्यल्या?"

"खूण. पंचानं ठोकली हाय."

"हो, थे," ती म्हणाली. "थे चाक मीच धरलं होतं."

मी वळून पाहिलं.

"ओसरीवर घेऊन आलते. घरंगळे, एकट्यानं ठोकता येईना. म्हने, धर गच्च, हलू देऊ नको. धरलं."

"आन् काई बोलले?"

"काय बोलतीन? 'बोट सांभाळ' म्हनले."

"म्हनजे तुम्हाले तेव्हापासून ठाऊक हाय. मंग बोलल्या काऊन नाई कोनाले?"

ती बोलली ती रागाने नव्हे. "तुम्ही त बोलल्या होत्या ना ताई. हँडल हातात घेऊन, साऱ्याइच्या समोर. काय झालं?"

मी त्याच फडक्याने हँडल पुसलं. कबाड्याने दोन्ही चाकं लोखंडाच्या ढिगात फेकली. दिवे लागायच्या आत ट्रक गेला. अंगणात तेलाचे डाग आणि गवत न उगवलेला एक लांबट चौकोन उरला. थोड्या वेळाने मी गिरणी बंद करत होते, तर यशोदाबाई घागर घेऊन फटीतून माझ्या अंगणात आली आणि नेहमीसारखी वळसा घालून विहिरीकडे गेली. तिचं तिच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, नवमीला सकाळी, हत्यारं पूजेला बसायच्या आधी मी पकड आणि तार घेऊन कुंपणाशी गेले. बाभळीच्या काट्या आडव्या लावल्या आणि ती फट वरपासून खालपर्यंत घट्ट बांधून टाकली. मी शेवटचा पीळ देत होते तेव्हा यशोदाबाई घागर घेऊन आली.

"काऊन ताई? वाट बंद केली?"

"हो."

"मंग मी कुठून जाऊ?"

"तुमच्या अंगनातून."

ती उभी राहिली. काट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझं काही चुकलं असेल तर ती म्हणेल, म्हणून मी थांबले. तिने घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, मागे फिरली, घराला वळसा घालून पुढे आली आणि विहिरीकडे निघाली. त्या उघड्या चौकोनापाशी आल्यावर पाय आपसूक बाजूला वळले. नसलेल्या ट्रकाच्या कडेकडेने, बॉनेट असायचं तिथून वळून, ती विहिरीवर पोचली.

मी घरी येऊन पकड धुतली, पुसली. हत्यारं पाटावर मांडली, शेवटी तिच्याकडून आणलेलं हँडल. कुंकवाच्या वाटीला आता तिनं हात लावायचा नाही असं गल्लीचं म्हणणं आहे, नवरा गेलेली बाई लावत नाही. मी वाटी हँडलजवळ ठेवली, स्वतः बोट बुडवलं नाही, आणि ती पाणी घेऊन परतली की पहिलं बोट लावायला तिला हाक मारायची म्हणून दारात उभी राहिले.